वर घर, खाली दवाखाना आणि मधे एकच वायर

आमच्या घराची रचना आधी सांगते, कारण पुढची नेटवर्क स्विचची सगळी खरेदी तिच्यामुळेच ठरली. नाशिकमधलं दुमजली घर. खाली नवऱ्याचा दातांचा दवाखाना, वर आम्ही राहतो. इंटरनेटची फायबर वरच्या मजल्यावर येते आणि तिथून खाली जाते ती एकच कॅट-5ई वायर, भिंतीतल्या पाऊण इंची पाइपातून. त्या पाइपाला मधे कुठेतरी असं वळण आहे की दुसरी वायर ओढता ओढता इलेक्ट्रिशियनने हात टेकले. "ताई, भिंत फोडायची तयारी असेल तर सांगा," म्हणाला. नव्हती.

त्या एका वायरवर सगळंच चालायचं. दवाखान्याचा कॉम्प्युटर, त्यातले एक्स-रे, पेशंटसाठी ठेवलेलं वायफाय आणि गेटवरचे कॅमेरे. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर वर सासऱ्यांच्या खोलीत, त्यामुळे ते चित्रणही त्याच वायरीतून वर यायचं. एकदा सासूबाई मालिका बघत असताना टीव्हीवर एकदम कार्टून सुरू झालं. "अगं, हे काय लागलं?" म्हणून त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. खाली थांबलेल्या कुणा पेशंटच्या मुलाने आईच्या मोबाईलवरचं कार्टून 'टीव्हीवर दाखवा'चं बटण दाबून आमच्या दिवाणखान्यात पाठवलं होतं. आम्ही हसलो, पण नंतर लक्षात आलं की ज्या रस्त्याने कार्टून वर आलं त्याच रस्त्याने कोणीही एक्स-रेच्या शेअर केलेल्या फोल्डरपर्यंत पोचू शकतं. खालच्या वायफायच्या डब्यात 'गेस्ट' नावाची सोय होती, पण तो डबा नुसता अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे राउटरचं काम न करता फक्त वायफाय पसरवायला लावलेला. तशा जोडणीत पुष्कळ स्वस्त डब्यांचं गेस्ट वायफाय घरच्याच नेटवर्कात उतरतं. नाव वेगळं, रस्ता तोच.

नवऱ्याचा उपाय सरळ होता: खाली दुसरं ब्रॉडबँड घेऊन टाकू. पण त्याचे दर महिन्याचे पैसे, आणि तेवढं करूनही कॅमेरे आणि वरून एक्स-रे बघायची सोय या दोन गोष्टी लटकत्याच राहिल्या असत्या. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. नेटवर्क हा माझा विषय नाही, पण ऑफिसात व्हीलॅन हा शब्द रोज कानावर पडतो. एकाच वायरीतून तीन-चार वेगवेगळी नेटवर्कं न्यायची तर व्हीलॅन, आणि व्हीलॅन हवा तर मॅनेज्ड स्विच, म्हणजे अनेक वायरी एकत्र जोडणारी आणि आतलं सेटिंग बदलता येणारी पेटी, एवढं माहीत होतं. दोन स्विच मिळून सहा हजारांच्या वर जायचं नाही, असं घरात ठरलं.

व्हीलॅनची कल्पना साधी आहे. स्विच डेटाच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे फ्रेमला, चार बाइटची एक चिठ्ठी (टॅग) चिकटवतो, त्यातले 12 बिट नंबरासाठी असतात. शून्य आणि शेवटचा नंबर राखीव, म्हणून 1 ते 4094 एवढे व्हीलॅन करता येतात. आम्हाला चार पुरे होते. वायरीच्या एका टोकाचा स्विच चिठ्ठी लावतो, दुसऱ्या टोकाचा ती वाचून माल योग्य पोर्टवर, म्हणजे वायर लावायच्या खोबणीवर सोडतो. या पद्धतीचा नियम म्हणजे 802.1क्यू. खरेदी करताना हा आकडा डोक्यात पक्का ठेवावा, कारण दुकानात 'व्हीलॅन' या नावाखाली काहीही मिळतं.

त्याचा नमुना आमच्याच घरात होता. कॅमेरे बसवणाऱ्याने खाली एक पीओई स्विच लावून दिला होता. कॅमेऱ्याला डेटाच्या वायरीतूनच वीज देणारा, सगळे पोर्ट 100 एमबीपीएसचे. मी त्याला फोन करून विचारलं तर म्हणाला, "ताई, आहे की व्हीलॅन त्याला, बटण बघा." खरंच पुढे एक सरकतं बटण होतं आणि खाली इंग्रजीत व्हीलॅन छापलेलं. शेजारी दुसरं बटण, एक्स्टेंड. एक्स्टेंड लावलं की वेग 10 एमबीपीएसवर येतो आणि त्या बदल्यात वायर 100 मीटरच्या पुढे नेता येते. व्हीलॅनचं बटण लावलं की सगळे कॅमेरे एकमेकांपासून तोडले जातात आणि फक्त अपलिंकच्या, म्हणजे मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या पोर्टशी बोलतात. कॅमेऱ्यांपुरती सोय म्हणून ठीक आहे. पण नंबर नाही, चिठ्ठी नाही, म्हणजे एका वायरीतून चार नेटवर्कं नेण्याच्या कामाचं ते बटण नाही.

स्विच बघण्याआधी राउटर बघावा लागला. स्विच नेटवर्कं वेगळी करून देतो, पण त्या प्रत्येकाला इंटरनेट द्यायचं, आयपी पत्ता वाटायचा, कोणी कोणाशी बोलायचं ते ठरवायचं, ही कामं राउटरची. ब्रॉडबँडवाल्याने दिलेल्या डब्याच्या सेटिंगमध्ये घरातल्या बाजूच्या व्हीलॅनचा पत्ताच नव्हता. सुदैवाने त्याच्या मागे आमचा स्वतःचा राउटर होता आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चढवता येत होतं. ते चढवलं, चार व्हीलॅन करून बघितले आणि मगच स्विचच्या शोधाला लागले. ज्यांच्याकडे असा राउटर नाही त्यांनी राउटरचा खर्च आधी धरावा. नाहीतर नवाकोरा मॅनेज्ड स्विच येतो, व्हीलॅन छान वेगळे होतात आणि एक सोडून बाकी सगळ्यांचं इंटरनेट बंद.

ऑफिसच्या कामाने मुंबईला जायचं होतंच. पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर पडलं की लॅमिंग्टन रोड, कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी रस्त्याला ते नाव घेऊन हाक मारणारं कोणी भेटत नाही. एका दुकानात जुन्या सिस्को स्विचची थप्पी लावलेली. कुठल्या तरी कंपनीने ऑफिस हलवताना काढून टाकलेला माल. 24 पोर्टचा कॅटलिस्ट माझ्या बजेटच्या निम्म्यात मिळत होता.

"मॅडम, हा घ्या. लोखंड आहे, तुमच्या नातवंडांपर्यंत चालेल."

"लावून दाखवा ना."

लावला. पंख्याचा आवाज ऐकून दुकानातला पोरगाच हसायला लागला. आमचा खालचा स्विच बसणार होता पेशंटच्या खुर्चीमागच्या कपाटात. ड्रिलच्या आवाजाने आधीच घाबरलेल्या माणसाच्या पाठीमागे ही घरघर नको. दुसरं म्हणजे वीज. जुना मोठा स्विच 40 वॉट घेतो असं धरलं तर चोवीस तास चालून वर्षाला 350 युनिट होतात. आठ पोर्टचा बिनपंख्याचा छोटा स्विच पाचेक वॉटमध्ये भागवतो, म्हणजे वर्षाला 44 युनिट. स्वस्तात मिळालेलं लोखंड दोन-तीन वर्षांत विजेच्या बिलातून आपली किंमत वसूल करून घेतं. तरी तो कॅटलिस्ट वाईट नव्हे. माझ्या शेजारी उभा असलेला एक मुलगा सीसीएनएच्या, म्हणजे सिस्कोच्या नेटवर्किंगच्या परीक्षेसाठी तसेच दोन घेत होता. कमांड लाइनवर, म्हणजे हुकूम टाइप करून सेटिंग करण्यावर, हात बसवायला त्याच्याइतकं स्वस्त साधन नाही.

मी रिकाम्या हातांनी परत आले आणि मॅन्युअल उतरवून वाचायला बसले. या खरेदीतलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच ठरलं. पाच ते आठ पोर्टच्या स्वस्त स्विचचं यंत्र जवळपास सारखंच असतं: गिगाबिट पोर्ट, पंखा नाही, बहुतेकांना पत्र्याची पेटी. फरक असतो तो आतल्या सेटिंगच्या पानांत, आणि ती पानं खोक्यावर दिसत नाहीत. मॅन्युअलमध्ये दिसतात. टीपी-लिंकच्या काही मॉडेलांची तर पानं त्यांच्या साइटवर नकली चालवून बघता येतात. तिथे मी अर्धी रात्र टिचक्या मारत बसले होते.

या वर्गातल्या स्विचना कंपन्या 'स्मार्ट', 'ईझी स्मार्ट', 'प्लस' अशी नावं देतात. पूर्ण मॅनेज्ड आणि साधा यांच्या मधली पायरी. कमांड लाइन नसते, पण ब्राउझरमधून व्हीलॅन, पोर्टचा वेग बांधणं, एका पोर्टची रहदारी दुसऱ्यावर बघणं एवढं होतं. माझ्या यादीत टीपी-लिंकचे टीएल-एसजी108ई आणि त्याचा पाच पोर्टचा भाऊ 105ई, नेटगिअरचा जीएस308ई, डी-लिंकचा डीजीएस-1100-08 आणि झायक्सेलचा जीएस1200-8 होते. मायक्रोटिकचेही बघितले. त्यांच्यात करता येत नाही असं फारसं काही नाही, पण माझ्या गैरहजेरीत नवऱ्याला फोनवरून 'आता तिसऱ्या ओळीवर टिचकी मार' असं सांगायची वेळ येणार हे धरून सोप्या पानांना मत दिलं.

वाचताना शोधायचं काय, ते हळूहळू कळत गेलं. नुसता 'पोर्ट बेस्ड व्हीलॅन' लिहिलं असेल तर तो एका पेटीच्या आतल्या आतच पोर्ट वेगळे करतो, दोन पेट्यांमधल्या एका वायरीला त्याचा उपयोग नाही. काही जुन्या स्विचमध्ये व्हीलॅन 1 मधून पोर्ट काढताच येत नसे, म्हणजे सगळे वेगळे केल्यावरही मागचं एक दार उघडं. काहींचं सेटिंगचं पान कुठल्याही व्हीलॅनमधून उघडतं, पाहुण्यांच्या वायफायवरूनसुद्धा. तिथे लांबलचक पासवर्ड हाच आधार. आणि काहींच्या पहिल्या आवृत्तीला ब्राउझरचं पानच नव्हतं, विंडोजवर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं. गंमत म्हणजे या गोष्टी एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या हार्डवेअर आवृत्त्यांत बदलतात. खोक्यावर नाव तेच, किंमत तीच, फोटो तोच. फरक फक्त पेटीच्या पोटावरच्या स्टिकरवर, सिरियल नंबरच्या आसपास बारीक अक्षरांत. म्हणून शेवटी ऑनलाइन न मागवता गावातल्याच दुकानदाराकडून घेतले आणि पैसे देण्याआधी खोकी उलटी करून बघितली. तो म्हणाला, "ताई, एक्सपायरी डेट नसते त्याला."

पीओईचं प्रकरण मात्र मला बराच काळ चघळावं लागलं. कॅमेरे आहेत म्हणजे खालचा मॅनेज्ड स्विचही पीओईचाच हवा, असं गृहीत धरलं होतं, आणि पीओई आला की बजेट फुटत होतं. शिवाय त्यात वॉटांचा हिशेब असतो. 802.3एएफ नियमाने एका पोर्टमधून 15.4 वॉट निघतात आणि वायरीतली घट धरून कॅमेऱ्याला 12.95 वॉटची हमी मिळते. चार पोर्टना पूर्ण द्यायचे तर 61.6 वॉट लागतात. पेटीवर एकूण आकडा त्याहून कमी असेल तर चारही पोर्ट एकदम पूर्ण ताकदीने चालत नाहीत. आमचे कॅमेरे एवढं खात नाहीत, तरी बघून घ्यावं लागतं, कारण रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की त्यांची भूक वाढते.

मग कागदावर चित्र काढलं तेव्हा सुटलं. नेटवर्कं एकत्र येतात ती फक्त भिंतीतल्या त्या एका वायरीत. मॅनेज्ड स्विच हवा तो तिच्या दोन टोकांना, बाकी कुठेच नाही. खालच्या स्विचचा एक पोर्ट कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनला देऊन टाकला आणि त्याला तो जुना बटणवाला पीओई स्विच जोडला की त्याच्यामागचे सगळे कॅमेरे आपोआप त्या व्हीलॅनमध्ये जातात. त्याला व्हीलॅन कळायची गरजच नाही. वेगाचं म्हणाल तर एक कॅमेरा साधारण 4 ते 8 एमबीपीएस घेतो, त्याला 100 चा पोर्ट रग्गड. पेशंटच्या वायफायचं तेच. त्या डब्याला आख्खा एक पोर्ट आणि पाहुण्यांचा व्हीलॅन. खाली मग मोजून चार पोर्ट लागत होते: वरून येणारी वायर, कॉम्प्युटर, वायफाय आणि कॅमेऱ्यांचा स्विच. वर आठ पोर्टचा, खाली पाच पोर्टचा घेतला. दोन्ही एकाच कंपनीचे, म्हणजे पानं तीच. बजेटमध्ये बसून थोडे उरले.

सेटिंग वरच्या जेवणाच्या टेबलावर केलं, दोन्ही स्विच एकेक करून. एकाच वेळी दोन्ही लावू नयेत, कारण कोरे असताना दोघांचा पत्ता एकच असू शकतो. डी-लिंकचे तर 10.90.90.90 वर बसलेले असतात, लॅपटॉपला हाताने त्या गल्लीतला पत्ता दिल्याशिवाय भेटत नाहीत. घर 10, दवाखाना 20, पाहुणे 30, कॅमेरे 40 असे नंबर ठरवले. पानावर एक तक्ता येतो: ओळींत पोर्ट, रकान्यांत टॅग्ड (चिठ्ठीसह), अनटॅग्ड (चिठ्ठीविना) आणि सदस्य नाही. दवाखान्याच्या 20 साठी खालच्या स्विचवर पोर्ट 1 टॅग्ड, कारण तिथे भिंतीतली वायर लागते आणि चिठ्ठ्या तशाच पुढे जायला हव्यात. पोर्ट 2 अनटॅग्ड, कारण तिथला कॉम्प्युटर चिठ्ठी ओळखत नाही. बाकीचे सदस्य नाहीत.

एवढं करून काम झालं असं वाटतं आणि कॉम्प्युटरला पत्ताच मिळत नाही. कारण अनटॅग्ड म्हणजे बाहेर जाणाऱ्या मालाची चिठ्ठी काढायची, एवढंच. आत येणाऱ्या बिनचिठ्ठीच्या मालाला कुठला नंबर लावायचा ते वेगळ्या पानावर, पीव्हीआयडी नावाखाली असतं, आणि ते हाताने बदलेपर्यंत 1 असतं. कॉम्प्युटरने मागितलेलं व्हीलॅन 1 मध्ये जातं आणि 20 मधला राउटर वाट बघत बसतो. मॅन्युअलमध्ये हे आधी वाचलं होतं म्हणून मी दोन्ही पानं शेजारी उघडी ठेवूनच बसले. ज्या पोर्टवर आपला लॅपटॉप लावलेला आहे तो सगळ्यात शेवटी बदलायचा, हेही तिथलंच शहाणपण.

दोन्ही स्विच जागेवर गेले आणि एक भलतीच गोष्ट उजेडात आली. पोर्टच्या स्थितीच्या पानावर भिंतीतल्या वायरीचा वेग 100 दाखवत होता, 1000 नाही. स्विचमध्येच केबल तपासायची सोय होती. ती चालवली तर चारांपैकी एक जोडी तुटलेली. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात, त्यामुळे इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. खालची सॉकेटची पेटी उघडली. निळी जोडी कापून दवाखान्याच्या बझरला दिलेली. दवाखान्यातून बटण दाबलं की वर आवाज यायचा, म्हणजे चहा पाठवा. घर बांधताना कोणाला तरी वायर वाचवावीशी वाटली असणार. निळी जोडी जागेवर आणली, क्रिंपिंग करून घेतलं, पान ताजं केलं, 1000. बझरच्या जागी बिनतारी घंटी आली.

एक्स-रेचं फोल्डर आता पाहुण्यांना दिसत नाही आणि टीव्हीही नाही. कॅमेऱ्यांचं इंटरनेट मी राउटरमध्ये बंदच केलं. घरातून कॅमेऱ्यांकडे जाता येतं, कॅमेऱ्यांकडून घराकडे नाही. याचे दोन परिणाम झाले. एक म्हणजे कॅमेऱ्यांची घड्याळं हळूहळू सरकायला लागली, कारण ती वेळ इंटरनेटवरून घ्यायची. राउटरलाच वेळ सांगायच्या कामाला लावलं आणि कॅमेऱ्यांत त्याचा पत्ता भरला. दुसरा परिणाम घरच्या मुख्य प्रेक्षकावर. सासरे गावी गेले की मोबाईलवर गेट बघत बसतात, ते बंद पडलं. "सूनबाई, तुमचं ते सुरक्षित झालं, पण आमचं गेट हरवलं," असा फोन आला. राउटरवर वायरगार्ड, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कात यायचा सुरक्षित रस्ता (व्हीपीएन), लावून त्यांच्या मोबाईलमध्ये एक बटण दिलं. आधी ते दाबायचं, मग कॅमेरे. आता ते बटण कधी चालू राहतं, कधी बंद, आणि फोन येतच असतात.

पेशंटच्या वायफायच्या पोर्टला स्विचमधूनच 10 एमबीपीएसचा लगाम घातला. त्यावर अजून एकाही पेशंटने काही म्हटलेलं नाही. तक्रार आली ती दवाखान्यातल्या मदतनीस मुलीची. "मॅडम, माझा मोबाईल पेशंटमधे कशाला टाकलात? मला पावत्या प्रिंटरला पाठवायच्या असतात." तिचं बरोबर आहे. प्रिंटर दवाखान्याच्या व्हीलॅनमध्ये, आणि खालचा वायफायचा डबा एकाच व्हीलॅनला बांधलेला. दोन नावांचं वायफाय दोन व्हीलॅनमध्ये सोडणारा अॅक्सेस पॉइंट घेतल्याशिवाय तिचा मोबाईल पेशंटमधून निघायचा नाही. त्याची मॅन्युअल सध्या वाचते आहे, आणि तोवर ती पावत्या कॉम्प्युटरवरून काढते, थोडी कुरकुरत.